तांत्रिक माणसाची उमेदवारी

ऑगस्ट २०२५मधली गोष्ट. दार-ए-सलामला एका दूरसंचार कंपनीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा रात्री उशिरा फोन आला. अकरावी-बारावीला तो माझ्या मराठीच्या वर्गात होता. पुढे अभियांत्रिकीकडे गेला, आणि मराठीशी त्याचा संबंध माझ्यापुरता उरला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "सर, एक काम आहे. कंपनीच्या वतीने मला एक मत द्यायचे आहे. उमेदवारांची निवेदने वाचली, पण मला सगळे एकसारखेच दिसतात. तुम्ही दोन ओळींच्या कवितेवर पूर्ण तास घ्यायचात. ही पंधरा-वीस पाने जरा बघता का?"

मी म्हटले, "अरे, त्यातले मला काय कळणार?" तो म्हणाला, "तांत्रिक भाग मला कळतो, सर. भाषा कळत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही, आणि प्रस्तुत लेख त्यातूनच आला आहे. आंतरजालावर साहित्याची चर्चा करणाऱ्या आपल्यासारख्यांना या विषयाचे काय, असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा.

निवडणूक होती आफ्रिनिकच्या संचालक मंडळाची. ही आफ्रिका खंडाची आंतरजाल-क्रमांक नोंदणी संस्था. आंतरजालाला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. ते पत्ते वाटण्यासाठी जगाचे पाच विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक विभागाला अशी एकेक संस्था आहे. युरोपची अ‍ॅमस्टरडॅमला, आशिया-प्रशांतची ब्रिस्बेनला, उत्तर अमेरिकेची आणि लॅटिन अमेरिकेची त्या त्या खंडांत. आफ्रिनिक ही त्यांतली सर्वांत धाकटी. २००५मध्ये तिला मान्यता मिळाली आणि तिचे कार्यालय आहे मॉरिशसमध्ये, एबेन येथे. (आपल्याकडे मॉरिशस म्हटले की परिषदा आणि सहली आठवतात. कोकणातून एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आहेत हेही आपल्याला अशा परिषदांच्या निमित्तानेच आठवते. ज्या एबेनच्या 'सायबरसिटी'त हे कार्यालय आहे, ती भारत सरकारच्या कर्जसाहाय्यातून उभी राहिली, हे मात्र सहसा कोणाला ठाऊक नसते.) दोन हजारांहून अधिक सभासद, त्यांनी निवडून द्यायचे आठ संचालक: सहा जागा खंडाच्या सहा उपविभागांच्या आणि दोन खुल्या. एखाद्या मध्यम सहकारी पतपेढीएवढा कारभार. फरक इतकाच, की या पतपेढीच्या दप्तरात खंडातल्या शंभर कोटींहून अधिक माणसांचे आंतरजाल नोंदलेले आहे.

तर मी ती निवेदने वाचली. उमेदवाराचे निवेदन हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे आणि त्याची समीक्षा अद्याप कोणी केलेली नाही, ही खेदाची बाब होय. या प्रकारात लेखक स्वतःविषयी तृतीयपुरुषी लिहितो. पहिल्या परिच्छेदात वर्षे येतात: दूरसंचार क्षेत्रात पंधरा, वीस, पंचवीस. दुसऱ्यात यंत्रे: प्रकाशतंतू, सूक्ष्मलहरींचे मनोरे, उपग्रहकेंद्रे. तिसऱ्यात पदविका व प्रमाणपत्रे, बहुधा आद्याक्षरांत. शेवटी भाववाचक नामांचा एक ताफा: पारदर्शकता, विश्वासार्हता, सक्षमीकरण, सर्वसमावेशकता. या ताफ्याबरोबर एकही कर्ता नसतो. 'विश्वास पुन्हा प्रस्थापित केला जाईल.' कोणाकडून? 'कारभारात सुधारणा घडवून आणल्या जातील.' कोण आणणार? व्याकरणात ज्याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो त्याचा एवढा आधार मी सरकारी परिपत्रकांखेरीज कुठे पाहिलेला नाही.

यांतला एक उमेदवार मी पुढच्या चर्चेसाठी घेतो. तो कोणी एक व्यक्ती नव्हे. पुष्कळ निवेदनांतून माझ्या मनात उभा राहिलेला गृहस्थ आहे. तो दूरसंचार अभियंता आहे. त्याने खेड्यापाड्यांत मनोरे उभारले, समुद्राखालची केबल किनाऱ्यावर आणणाऱ्या गटात काम केले, तरुणांना मार्गबदलाची तंत्रे शिकवली. हे सगळे खरे आहे आणि आदरणीय आहे. त्याच्या निवेदनाचा गाभा मात्र एकाच वाक्यात मावतो: मी तांत्रिक माणूस आहे, मला राजकारणात रस नाही. (मराठीत 'तांत्रिक' या शब्दाला जो दुसरा, स्मशानाकडचा अर्थ आहे तो इथे अगदीच गैरलागू आहे असे मला पुढे पुढे वाटेनासे झाले. मंत्र म्हणायचा, नि राजकारणाचे भूत पळून गेले असे समजायचे.)

माझे भांडण या वाक्याशी आहे. ज्या पदासाठी हा गृहस्थ उभा आहे ते पद राजकीय आहे. आणि मला राजकारणात रस नाही, असे म्हणणारा माणूस एक तर भोळा आहे किंवा आपले राजकारण आपल्याला सांगत नाही आहे. तिसरी शक्यता मला दिसत नाही.

आधी या संस्थेचे काम काय ते समजून घेऊ. ती तारा ओढत नाही, मनोरे उभारत नाही, कोणाचा संदेश कोणाला पोचवत नाही. ती एक वही ठेवते. कोणता क्रमांक कोणाच्या नावे आहे, एवढीच त्या वहीतली नोंद. आपल्या गावगाड्यात या कामाला नेमका शब्द आहे: तलाठ्याचे दप्तर. सातबाऱ्याचा उतारा हा मालकीचा पुरावा नसून नोंद असते, हे वकील आपल्याला सांगतात; पण त्या नोंदीवरच कर्ज मिळते, त्या नोंदीवरच भावाभावांत कोयते निघतात. आंतरजालाच्या क्रमांकांचेही तसेच. ते कोणाच्या मालकीचे नाहीत, वापरायला दिलेले आहेत, अशी या नोंदणी संस्थांची मूळ भूमिका. आणि तरीही वहीतल्या नावावर बाजार उभा राहिलेला आहे. तलाठ्याच्या हातात जमीन नसते, फेरफाराची लेखणी असते. गावात कोणाला कमी लेखायचे आणि कोणाला नाही, हे त्या लेखणीमुळे ठरते.

ही वही एके काळी खरोखरच एका माणसाजवळ होती. अमेरिकेतल्या जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञाने १९७२मध्ये, क्रमांक वाटायला कोणीतरी 'झार' हवा आणि तो बहुधा मीच, असा अर्धा विनोदी प्रस्ताव मांडला, आणि पुढची सव्वीस वर्षे, ऑक्टोबर १९९८मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो हे काम करत राहिला. तांत्रिक माणसाच्या निःस्पृहतेचा दाखला म्हणून त्याचे नाव घेण्याची प्रथा आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याच पोस्टेलने जानेवारी १९९८मध्ये जगातले मूळ नामसर्व्हर चालवणाऱ्यांपैकी आठ जणांना एक विनंती पाठवली, की यापुढे अधिकृत यादी सरकारी कंत्राटदाराच्या यंत्रावरून न घेता माझ्या यंत्रावरून घ्या. त्यांनी ती मानली. अमेरिकी सरकारने डोळे वटारताच त्याने ते मागे घेतले आणि ही केवळ चाचणी होती असे सांगितले. वहीचा धनी कोण, हा प्रश्न राजकीय आहे हे त्या साध्या, दाढीवाल्या, चपला घालून फिरणाऱ्या अभियंत्याला पुरेपूर कळत होते. आजचे उमेदवार त्याच्या निःस्पृहतेचे नाव घेतात. त्याला जे कळत होते त्याचा उल्लेख करत नाहीत.

वहीला एवढी किंमत का आली, त्याला कारण टंचाई. जुन्या पद्धतीचे, म्हणजे चौथ्या आवृत्तीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. जगाची लोकसंख्या त्याहून अधिक. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे पाच गठ्ठे पाच विभागांना एकेक वाटून कोठार बंद झाले. आशियाचा मुक्त साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आटला, उत्तर अमेरिकेचा २०१५मध्ये, युरोपचा २०१९मध्ये. आफ्रिकेकडे मागणी कमी होती म्हणून तिथे साठा उरला. साठा उरला आणि बाहेर भाव वाढत गेला: २०२१-२२च्या सुमारास एका पत्त्याला पन्नास डॉलरच्या आसपास. नोंदणी संस्थेकडून गरज दाखवून जवळजवळ नाममात्र शुल्कात मिळणारी वस्तू बाहेर पन्नास डॉलरला जाते म्हटल्यावर काय होणार हे समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही; रेशनच्या दुकानाचा अनुभव पुरतो. आणि हे त्या खंडाच्या बाबतीत, ज्याच्या वाट्याला जगातल्या एकूण पत्त्यांपैकी चार टक्केही आलेले नाहीत.

मग जे व्हायचे ते झाले. २०१९मध्ये उघडकीस आले की वहीतल्याच नोंदी आतून फिरवल्या गेल्या होत्या. २०२१च्या जानेवारीत संस्थेने स्वतःच जो अहवाल काढला त्यात असे सुमारे चाळीस लाख पत्ते मोजले. ज्याच्याकडे बोट दाखवले गेले तो कोणी बाहेरचा चोर नव्हता, संस्थेचा जवळजवळ पहिल्या दिवसापासूनचा कर्मचारी होता. दुसरे प्रकरण त्याहून मोठे. क्लाउड इनोव्हेशन या सेशेल्समध्ये नोंदलेल्या कंपनीला २०१३ ते २०१६ या काळात साठ लाखांहून अधिक पत्ते देण्यात आले होते. हे पत्ते खंडाबाहेर वापरले जातात, हा करारभंग आहे, असे म्हणत २०२१मध्ये आफ्रिनिकने ते परत घेण्याची नोटीस काढली. पत्ते आफ्रिकेतच वापरावेत असे करारात कुठेही नाही, असे कंपनीचे म्हणणे. खरे कोणाचे, याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पण साठ लाखांना पन्नासने गुणून पाहावे: तीस कोटी डॉलर. त्या रकमेपुढे एका लहानशा नोंदणी संस्थेची काय कथा? जुलै २०२१मध्ये मॉरिशसच्या न्यायालयाने संस्थेची पाच कोटी डॉलरपर्यंतची बँक खाती गोठवली. पुढे दाव्यांवर दावे आले, निवडणुकांना मनाई हुकूम आले, संचालकांच्या मुदती संपत गेल्या, २०२२मध्ये मंडळाची गणपूर्ती उरली नाही आणि मुख्य कार्यकारी अधिकारीही उरला नाही. सप्टेंबर २०२३मध्ये न्यायालयाने रिसीव्हर नेमला.

आता इथे जरा थांबावे, कारण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा इथे आहे. मंडळ नाही, अधिकारी नाही, अशा अवस्थेत ही संस्था तीन वर्षे राहिली. त्या तीन वर्षांत आफ्रिकेचे आंतरजाल बंद पडले का? नाही. वही उघडी राहिली, शोध घेणाऱ्याला नोंदी मिळत राहिल्या, यंत्रे चालू राहिली. संस्थेतल्या अभियंत्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी ती चालू ठेवली. उद्याचा पगार होईल की नाही याची खात्री नसलेल्या लोकांनी हे केले, याबद्दल त्यांना कोणी हार घातल्याचे मी वाचले नाही. म्हणजे तांत्रिक काम मंडळावाचून चालले. अडले काय? अंदाजपत्रक मंजूर करणे, अधिकारी नेमणे, सभासदांनी ठरवलेल्या धोरणावर शिक्कामोर्तब करणे, दाव्यात काय भूमिका घ्यायची ते ठरवणे, निवडणूक घेणे. मंडळाचे म्हणून जे काम असते ते सगळे राजकीय होते आणि नेमके तेवढेच अडले. ज्या कामाला अभियंता लागतो ते काम अभियंते खाली बसून करतच होते. वरच्या खुर्चीत बसण्यासाठी हा गृहस्थ जी पात्रता सांगतो आहे, ती खालच्या खुर्चीची आहे.

जून २०२५मध्ये रिसीव्हरच्या देखरेखीखाली निवडणूक घेण्यात आली. २३ जूनला मतदान संपता संपता ते थांबवण्यात आले. कारण मुखत्यारपत्रे. सभासदाच्या वतीने मत देण्याचा अधिकार सांगणारी पत्रे हजर झाली, आणि त्यांच्या खरेपणाविषयी वाद उभा राहिला. काही दिवसांतच सगळी निवडणूक रद्द ठरवण्यात आली. जुलैमध्ये क्लाउड इनोव्हेशनने संस्थाच गुंडाळावी असा अर्ज केला. ऑगस्टमध्ये माझ्या विद्यार्थ्याचा फोन आला तो या पार्श्वभूमीवर; सप्टेंबरमध्ये पुन्हा, या वेळी ऑनलाइन, मतदान व्हायचे होते.

आणि या पार्श्वभूमीवर निवेदनांत काय होते? मनोरे, प्रकाशतंतू, सक्षमीकरण. जून महिन्यात जी मुखत्यारपत्रे आली ती कोणी गोळा केली, माझ्यासाठी कोणी केली का, याविषयी अक्षर नव्हते. माझा मालक किती पत्ते बाळगून आहे, भाड्याने देतो की नाही, याविषयी अक्षर नव्हते. ज्या दाव्यांनी संस्था पाच वर्षे अडकली त्यांत मी समेटाच्या बाजूचा की लढण्याच्या, तेही नाही. 'माझ्या क्षेत्रातल्या अनुभवाचा लाभ मंडळास होईल', हे मात्र होते.

मराठी साहित्यव्यवहारातल्या माणसाला हे सगळे फार ओळखीचे वाटावे. अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक आपण २०१८पर्यंत घेत होतो. मतदार हजारभर, मतपत्रिका टपालाने यायच्या, आणि त्या मतदाराच्या घरून उमेदवाराच्या कार्यकर्त्याच्या पिशवीत एकगठ्ठा कशा जमा होतात याच्या सुरस कथा साहित्य परिषदांच्या ओसरीवर सांगितल्या जात. तिथेही उमेदवाराचे निवेदन असे: चाळीस पुस्तके, सहा पुरस्कार, 'मी निखळ साहित्यिक आहे, मला साहित्यबाह्य राजकारणात रस नाही'. 'निखळ साहित्यिक' आणि 'तांत्रिक माणूस' ही एकाच साच्यातली दोन रूपे आहेत. दोघेही आपल्या कर्तबगारीचा हवाला देऊन मत मागतात आणि मत मिळवण्याची यंत्रणा कोणाची आहे यावर मौन पाळतात. शेवटी महामंडळाने घटना बदलली, निवडणूकच काढून टाकली आणि २०१९च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्ष एकमताने निवडला जाऊ लागला. तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला होता. आता वाटते, आपण रोगाबरोबर रोग्यालाही घालवले. गठ्ठे बांधले जात होते हे खरे, पण गठ्ठे बांधणाऱ्याला निदान मतदाराचे दार वाजवावे लागत होते.

हे सांगण्याचे कारण असे, की आफ्रिनिकच्या बाबतीतही अनेकांच्या तोंडी आज हाच उपाय आहे. निवडणुकांत घोळ होतात, सभासद उदासीन असतात, कंपन्या पैसा ओततात; तेव्हा हे सगळे सरकारांच्या हाती द्यावे. राष्ट्रप्रमुख बसून ठरवतील. मला अभियंत्याच्या निवेदनाची चीड आहे, पण या सूचनेची त्याहून जास्त आहे. निवडणुकीच्या किंवा आंदोलनाच्या दिवशी आंतरजालच बंद करणारी सरकारे या खंडात थोडी नाहीत (आपणही त्यांना नावे ठेवण्याच्या स्थितीत नाही), त्यांच्या हाती वही देणे म्हणजे बांधाच्या भांडणाला कंटाळून सावकारालाच तलाठी नेमणे होय. बाजाराच्या हाती सोडा म्हणणाऱ्यांचा पक्ष तर चर्चेलाही घेण्याजोगा नाही. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे पत्ते, हे सांगायला पक्ष कशाला हवा?

म्हणजे उरतो तो सभासद, आणि त्याचे ते एक मत. म्हणून तर उमेदवाराच्या भाषेकडे बघायचे.

आपला संबंध काय, या प्रश्नाकडे येतो. भारत आशिया-प्रशांत विभागात, म्हणजे ब्रिस्बेनच्या अ‍ॅपनिककडे येतो. देशांतर्गत वाटपासाठी २०१२पासून आपली स्वतंत्र राष्ट्रीय नोंदणी व्यवस्थाही आहे. अ‍ॅपनिकच्या कार्यकारी परिषदेवर सात जण निवडून जातात, आणि तिथे प्रत्येक सभासदाला एक मत नसते. संस्था किती मोठी त्यावर एकापासून चौसष्टपर्यंत मते असतात. (सहकारी साखर कारखान्यात सभासदाला त्याच्या उसाच्या टनांवर मते दिली तर काय होईल ते मनाशी आणून पाहावे. मग कदाचित असेही वाटेल, की आज होते त्याहून वेगळे काही होणार नाही!) २०२३मध्ये तिथल्याही निवडणुकीत उमेदवारांच्या परस्परसंबंधांवरून वादळ उठले आणि त्याच वर्षी उपविधी बदलावे लागले. भारतातल्या किती वर्तमानपत्रांनी याची चौकट छापली? मराठीत एक ओळ माझ्या पाहण्यात आलेली नाही. एकशेचाळीस कोटींच्या या देशाकडे चौथ्या आवृत्तीचे पत्ते सुमारे चार कोटी आहेत, हेही आपण कधी वाचलेले नसते.

चार कोटींत एकशेचाळीस कोटी कसे बसतात? एका पत्त्यामागे शेकडो घरे दडवून. आमच्या महाविद्यालयात हे प्रत्यक्ष अनुभवले आहे. एका संशोधन-कोशाच्या संकेतस्थळावर आमच्याकडून कोणा एका विद्यार्थ्याने यंत्राने धडाधड पाने उतरवून घेतली, आणि त्या संकेतस्थळाने तो पत्ताच अडवला. पत्ता एकट्याचा नव्हता. पीएच.डी. करणाऱ्या आमच्या दोन सहकारी बाईंना पुढचे तीन आठवडे घरून, मोबाईलवर तो कोश बघावा लागला. खेडेगावातल्या घरांची एकच सामाईक चावडी असावी आणि एकाच्या दंडासाठी सगळ्यांच्या दारांना कुलूप लागावे, तसा हा प्रकार. नव्या, सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांना तोटा नाही आणि भारताने त्यांचा वापर झपाट्याने वाढवला आहे, निम्म्याहून पुढे नेला आहे, हे आपल्या अभियंत्यांचे श्रेय. ते मी मनापासून देतो. पण जुन्या पत्त्यांवाचून अजून कोणाचे भागत नाही. अमेझॉनसारखी कंपनी फेब्रुवारी २०२४पासून अशा प्रत्येक सार्वजनिक पत्त्याचे ताशी अर्धा सेंट भाडे घेते. वर्षाचे सुमारे ४४ डॉलर. एखादे लहान मराठी संकेतस्थळ पदरमोड करून चालवणाऱ्याला ही रक्कम म्हणजे किती, ते तोच सांगेल.

आमच्या व्यवसायातली माणसे अशा वेळी म्हणतात, की हे आपले काम नव्हे, हे त्या क्षेत्रातल्या लोकांनी बघावे. मला हा विनय खोटा वाटतो. अभियंता म्हणतो, मी तांत्रिक, राजकारण मला कळत नाही. आपण म्हणतो, आम्ही साहित्यिक, तंत्र आम्हाला कळत नाही. या दोन नम्र माणसांच्या मधल्या मोकळ्या जागेत वही उघडी पडून राहते, आणि ज्याला तंत्र आणि राजकारण दोन्ही कळते असा तिसरा माणूस, बहुधा कोणाचा तरी वकील, येऊन बसतो.

मी विद्यार्थ्याला परत फोन केला. म्हटले, "भाषेचे विचारतोस तर भाषेचे सांगतो. ज्या निवेदनात एका तरी वाक्याला कर्ता आहे ते बाजूला काढ. 'मी अमुक कंपनीचा नोकर आहे, तिच्याकडे इतके पत्ते आहेत, तिचा विषय आला की मी उठून बाहेर जाईन', असे कोणी लिहिले आहे का बघ." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, असे लिहिणारा निवडून येत नाही."

"मग तू विचार. पत्र लिही. उत्तर नाही आले तर तेही उत्तरच."

"मी विचारले तर आमच्या कंपनीला विचारतील, सर. आमच्याकडे किती आहेत ते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणजे होते, पण ते पुण्यात खुर्चीवर बसून देणे सोपे होते, आणि नोकरी त्याची होती. तो चांगला मुलगा आहे, चांगला अभियंता आहे. त्याचे स्वतःचे निवेदन लिहायची वेळ आली तर त्यात मनोरे येतील, प्रकाशतंतू येतील, आणि ते सगळे खरे असेल.

सप्टेंबरच्या १० ते १२ तारखांना मतदान झाले आणि आठही संचालक निवडून आले. तीन वर्षांनी मंडळ भरले. निवडून आलेल्यांची नावे मी त्यांच्या निवेदनांशी ताडून पाहिली नाहीत. पाहायला हवी होती. विद्यार्थ्याचा दिवाळीला फोन आला. फराळाचे पार्सल पोचल्याचे सांगितले, चकल्या मोडल्या होत्या म्हणाला. मत कोणाला दिले ते त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.